धुराशिवाय लोबान

विदर्भातल्या खेड्यात वाढलेल्या माणसाला लोबान ठाऊक असतो तो धुराच्या रूपात. धुपाटण्यातल्या गोवरीच्या निखाऱ्यावर चिमूटभर भुकटी पडली, की उठणारा तो जाड, पांढरा, डोळ्यांना झोंबणारा धूर महालक्ष्म्यांच्या दिवशी देवघरात असतो, गुरुवारी दर्ग्याच्या ओट्यावर असतो आणि बाळंतिणीच्या खोलीत ओवा-वावडिंगाच्या धुरीबरोबर असतो. त्यामुळे लोबानाचे तेल अंगाला लावायचे म्हटले, की त्याला धुराचाच वास येणार, असे बहुतेकांना वाटते. प्रत्यक्षात तेलात धूर कुठेच नसतो. निखाऱ्यावर डिंक जळतो तेव्हा त्याच्या वासातला हलका भाग झटक्यात उडून जातो, जड भाग करपतो आणि त्या करपण्यातून मूळ डिंकात नसलेले कितीतरी नवे वास तयार होतात. तेलात मात्र डिंकाचा जिवंत वास शाबूत उतरतो. गेली काही वर्षे मी हे तेल अंगावर वापरते आहे, आणि मला वाटते, लोबानाची खरी पारख निखाऱ्यावर होण्याऐवजी कातडीच्या उबेवर व्हायला हवी. कारण तिथे तो सावकाश उलगडतो आणि प्रत्येक टप्प्यावर थोडा वेगळा असतो.

कोणता लोबान, हे आधी सांगणे भाग आहे. आपल्या किराणा दुकानात किंवा पूजेच्या सामानाच्या दुकानात लोबान म्हणून जे तपकिरी-पांढरे खडे मिळतात, ते बहुतेक वेळा सुमात्रा बेटावर आणि लाओसच्या डोंगरांत वाढणाऱ्या स्टायरॅक्स झाडांचे असतात. जुनी माणसे त्यालाच ऊद म्हणतात. त्याचा वास गोडसर, व्हॅनिलाकडे झुकणारा आणि मऊ असतो. मी ज्याविषयी लिहिते आहे, तो बॉसवेलिया या झाडाचा डिंक. याच्या निरनिराळ्या जाती ओमान, येमेन, सोमालिया, इथिओपिया या भागांत वाढतात आणि आपल्या सातपुड्यात वाढणारी सालई त्यांचीच बहीण आहे. इंग्रजी लेबलांवर त्याला फ्रँकिन्सेन्स म्हणतात, आयुर्वेदात शल्लकी आणि कुंदुरु ही नावे येतात. गुग्गुळ त्याचा जवळचा नातलग, दोघेही एकाच कुळातले. तेल विकत घेताना बाटलीवर बॉसवेलिया हा शब्द आहे की नाही, हे पाहावे. नसेल तर हाती गोड ऊद पडण्याची शक्यता बरीच असते, आणि गोड ऊद वाईट नसला तरी तो वेगळाच पदार्थ आहे.

माझा एक भाचा ओमानमधल्या सलाला शहरात नोकरीला आहे. त्याने सुट्टीवर येताना तिथल्या बाजारातून या डिंकाची पुडी आणि तेलाची लहान बाटली आणली होती. पुडीतले खडे हरभऱ्यापासून बोरापर्यंतच्या आकाराचे होते. एकमेकांवर घासून त्यांच्या अंगावर पांढरी पूड बसलेली, आणि ती पुसल्यावर आतला रंग दुधाळ, त्यात हिरवट झाक. उजेडासमोर धरला की खडा कडेला अर्धपारदर्शक दिसे आणि मध्ये गढूळ. अडकित्त्याने फोडला तर आतली कड चकचकीत आणि धारदार निघाली. दाताखाली धरल्यावर आधी कडवट भुगा झाला, मग तोंडाच्या उबेने तो मऊ होऊन दातांना चिकटू लागला, आणि त्या वेळी नाकात मागच्या बाजूने लिंबाच्या सालीचा वास चढला. नुसत्या पुडीला मात्र एवढा वास येत नव्हता. ऊब मिळाल्याशिवाय हा डिंक बोलत नाही, हे तेव्हाच लक्षात आले. तेलाच्या बाबतीतही तेच खरे आहे.

धोफार हा सलालाच्या आसपासचा प्रदेश. ज्या नैर्ऋत्य वाऱ्यांवर आमची सोयाबीन-कपाशी अवलंबून असते, तेच वारे जून ते सप्टेंबर या काळात तिथल्या समुद्राकडच्या डोंगरांवर धुके आणि रिमझिम पाऊस घेऊन येतात. लोबानाची उत्तम झाडे त्या डोंगरांच्या पलीकडच्या कोरड्या बाजूला उभी असतात. तिथे पाऊस जेमतेम पोहोचतो, पण थंड हवा पोहोचते. झाडाच्या सालीचा पातळ तुकडा खरवडून काढतात, जखमेतून पांढरा चीक पाझरतो, तो काही दिवस वाऱ्या-उन्हात वाळतो आणि मग काढून घेतात. पहिल्या खरवडणीचा डिंक हलका समजला जातो, नंतरच्या खेपांचा चांगला. होजारी नावाने विकला जाणारा फिकट, हिरवट डिंक तिथे सर्वांत वरचा मानतात. या भागातल्या झाडांचे खोरे, जुनी बंदरे आणि काफिल्यांचे ठाणे यांना युनेस्कोने 2000 साली जागतिक वारशाच्या यादीत घेतले.

त्या बंदरांशी आपला संबंध जुना आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेल्या एका व्यापारी-खलाशाच्या टिपणांत अशी नोंद आहे की भडोचकडून निघालेली जहाजे ऋतू उलटला की या किनाऱ्यावर हिवाळा काढत, आणि सुती कापड, गहू व तिळाचे तेल देऊन त्या बदल्यात लोबान घेत. त्याच टिपणांत पैठणहून आणि तेरहून भडोचला माल उतरत असल्याचेही लिहिले आहे. कापूस आणि तीळ ज्या मुलखात पिकतात तिथल्या माणसाने ही ओळ वाचली, की लोबान परका वाटेनासा होतो. आणि घरी लोबानाचे तेल करायचे तर तिळाच्याच तेलात करावे, या माझ्या आग्रहालाही त्यामुळे थोडे बळ मिळते.

आपल्या सालईविषयी मात्र आपल्यालाच फार कमी आस्था आहे. परतवाड्याहून सेमाडोहमार्गे धारणीकडे जाताना जिथे माती संपून खडक वर येतो, सागही जिथे खुरटतो, अशा उतारांवर सालई उभी असते. साल राखाडी-हिरवट, तिचे कागदी पापुद्रे सुटलेले. उन्हाळ्याच्या तोंडाशी ती पूर्ण उघडी होते आणि त्या निष्पर्ण फांद्यांवर बारीक पांढऱ्या फुलांचे तुरे येतात. नागपूर-भंडाऱ्याकडे सालई नावाची गावे आहेत, म्हणजे एके काळी हे झाड गावाची खूण सांगण्याइतके महत्त्वाचे होते. तिचा डिंक ताजा असताना सोनेरी, चिकट आणि मऊ असतो. धोफारच्या खड्यांसारखा तो लवकर कडक होत नाही, आणि त्यात सालीचे तुकडे, माती आणि मुंग्या अडकलेल्या असतात. साफ करणे हे मोठे काम. त्यामुळे बाजारात त्याची किंमत कमी, आणि किंमत कमी म्हणून तो सगळा उदबत्ती-धूपकांडीच्या पिठात जातो. सालईचे तेल अंगाला लावून पाहिलेला माणूस मला आमच्या पंचक्रोशीत अजून भेटलेला नाही.

दोन्ही तेले शेजारी शेजारी, एका हातावर एक अशी लावली की फरक चटकन कळतो. सालईचे तेल अधिक हिरवे, अधिक तिखट. त्यात थुजीन नावाचे द्रव्य भरपूर असते आणि बडीशेपेच्या वासाचा एक बारीक धागा मधूनच डोके वर काढतो. धोफारच्या तेलात लिंबाचा उजेड जास्त आणि मागची बाजू गुळगुळीत. सालई रानटी आहे, धोफारचा लोबान शिकलेला आहे, असे म्हणायचा मोह होतो. पण मला सालईचा तो रानटीपणाच आवडतो, कारण सेमाडोहच्या उतारावर फेब्रुवारीच्या दुपारी जी हवा नाकात जाते तिचा अंश त्यात असतो.

अंगावरचा वास कसा बदलत जातो, ते सविस्तर सांगते. निव्वळ तेल थेट लावत नाही. तिळाच्या तेलात किंवा चंदनाच्या तेलात मिसळलेले घेते. मनगटाच्या आतल्या बाजूला, जिथे नाडी लागते तिथे, काचेच्या काडीने एक ठिपका ठेवते आणि दोन्ही मनगटे एकमेकांवर चोळत नाही, कारण चोळल्याने उष्णता वाढते आणि सुरुवातीचा वास उगाच लवकर उडून जातो. पहिल्या क्षणाला जो वास येतो तो ऐकीव कल्पनेला धक्का देणारा असतो. लिंबाची ओली साल, ताजी कुटलेली मिरी, आणि कैरीचे देठ मोडल्यावर सुटणाऱ्या चिकाचा उग्र हिरवेपणा, हे सगळे एकदम वर येते. याचे कारण साधे आहे. तेलातली सर्वांत हलकी द्रव्ये सर्वांत आधी उडतात. पाइनची झाडे ज्या पिनीन नावाच्या द्रव्यामुळे घमघमतात ते यात मोठ्या प्रमाणात असते, आणि त्याच्या सोबतीला लिमोनीन असते. लिमोनीन म्हणजे संत्र्याच्या सालीच्या तेलातले मुख्य द्रव्य. त्या तेलाचा नव्वद टक्क्यांहून जास्त भाग लिमोनीनचाच असतो. अचलपूर, मोर्शी, वरूडच्या बागांत ज्याने संत्रे सोलताना सालीचा फवारा डोळ्यांत घेतला आहे, त्याच्या नाकाला लोबानाचे हे पहिले पान वाचायला शिकवावे लागत नाही.

साधारण वीस-पंचवीस मिनिटांनी लिंबू मागे सरते. या वेळी एक रिकामी जागा येते, आणि पुष्कळ लोक इथेच फसतात. वास संपला असे समजून पुन्हा तेल लावतात. खरे तर वास आता खाली उतरलेला असतो. मनगट नाकाजवळ न्यावे लागते. कोरडे लाकूड, त्याला किंचित आंबटपणा, आणि ज्याला नेमके नाव नाही असा एक थंड, खनिज वास; उन्हाळ्यात जुन्या देवळाच्या गाभाऱ्यात पाऊल टाकल्यावर दगडाच्या भिंतीतून येतो तसा. ही मधली अवस्था हाच लोबानाचा गाभा, आणि ती तासा-दीड तासापर्यंत टिकते. गाभाऱ्याची किंवा जुन्या चर्चची आठवण करून देणारा हा विशिष्ट वास नेमका कशाचा, याचा उलगडा अगदी अलीकडे झाला. फ्रान्समधल्या नीस येथील संशोधकांनी 2016 साली लोबानात अत्यल्प मात्रेत असणारी दोन आम्ले शोधून काढली आणि त्यांना ओलिबॅनिक आम्ले हे नाव दिले. हजारो वर्षे ज्या वासाने माणसे हात जोडत आली, त्याचे मूळ इतक्या थोड्या द्रव्यात असावे, याचे मला फार अप्रूप वाटते. धूर असो वा तेल, देवघराची आठवण करून देणारा धागा तोच.

तिसऱ्या-चौथ्या तासाला जे उरते ते अगदी थोडे असते, पण मला सर्वांत प्रिय तेच आहे. जड, सावकाश उडणारी द्रव्ये कातडीवरच्या नैसर्गिक तेलात मुरतात आणि एक मंद, किंचित गोड, राळेच्या अंगाचा वास राहतो. तो लोबानाचा किती आणि माणसाचा किती, हे वेगळे काढता येत नाही. म्हणूनच एकाच बाटलीतले तेल माझ्या मनगटावर कोरडे आणि माझ्या नणंदेच्या मनगटावर गोडसर लागते. तिची कातडी तेलकट, माझी रखरखीत. कोरड्या कातडीवर वास लवकर ओसरतो. आधी खोबरेल तेलाचा हलका हात फिरवून मग वर ठिपका ठेवला तर तो थोडा अधिक थांबतो. सुती कापडावर हाच वास दुसऱ्या दिवशीपर्यंतही राहतो, पण कापडावर तो बदलत नाही, नुसता झिजतो. शिवाय पांढऱ्या साडीवर पिवळा डाग पडतो तो वेगळाच.

लोबानाच्या तेलाविषयी नेहमीची तक्रार अशी, की ते दूरवर जात नाही. मोगरा किंवा मजमुआ लावलेला माणूस ओसरीत आला, की स्वयंपाकघरात कळते. लोबान लावलेल्या माणसाच्या शेजारी बसल्याशिवाय काही कळत नाही. ही तक्रार खरी आहे, पण तिला मी उणीव मानत नाही. ज्या खेड्यात सकाळपासून शेण-माती, ओला चारा, चुलीचा धूर, फवारणीची औषधे अशा मोठ्या वासांची गर्दी असते, तिथे अंगाशी राहणारा एखादा वास माणसाला स्वतःपुरता ठेवता यावा, ही मला चैन वाटते. कापूस वेचून आल्यावर हातपाय धुऊन मनगटाला एक ठिपका लावला, तर तो शेजारणीला कळण्याची काही गरज नसते.

अचलपूरच्या जुन्या बाजारात बसणारे एक वयस्कर अत्तरवाले चाचा मला या बाबतीत गुरुस्थानी आहेत. मी बाटली उघडून नाकाशी नेली तेव्हा त्यांनी ती हातातून अलगद काढून घेतली आणि म्हणाले, "ताई, बाटलीत नाक घालून काई समजत नाई. हातावर घ्या, बाजार करा, अन् जाताना मले सांगा." मी भाजी घेतली, बियाण्याच्या दुकानात गेले, परत येईपर्यंत हातावरचा वास मधल्या अवस्थेत उतरला होता, आणि बाटलीतल्या वासाशी त्याचा काही मेळ नव्हता. त्यांच्याकडूनच मला कळले, की कनौजच्या जुन्या पद्धतीत तांब्याच्या डेगीत सुगंधी द्रव्य उकळून त्याची वाफ चंदनाच्या तेलात उतरवत असत, आणि चंदन महाग झाल्यापासून त्या जागी पुष्कळ ठिकाणी पातळ पॅराफिन आले. चंदनात उतरलेला लोबान आणि पॅराफिनमधला लोबान यांत पहिल्या दहा मिनिटांत फरक समजत नाही. नंतर मात्र पॅराफिनचा लोबान एकाएकी नाहीसा होतो, आणि चंदनातला चंदनाच्या आधाराने संध्याकाळ गाठतो. निव्वळ वाफेने काढलेले तेल आहे की त्यात दुसरे तेल मिसळले आहे, हे पाहायचे असेल तर कोऱ्या कागदावर एक थेंब टाकून ठेवावा. निव्वळ तेलाचा डाग दुसऱ्या दिवशीपर्यंत जवळपास नाहीसा होतो, भेसळीचा तेलकट डाग तसाच राहतो.

आमच्याकडच्या ऋतूंचा या तेलावर जेवढा अंमल चालतो, तेवढा बाटलीवरच्या लेबलाचा चालत नाही. मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो तेव्हा पहाटे लावलेल्या तेलाची लिंबाची अवस्था अंगणात सडा घालेपर्यंत उडून गेलेली असते, मधली अवस्थाही घाईघाईने आटोपते, आणि ऊन चढायच्या आत मनगटावर फक्त राळेची सावली उरते. पावसाळ्यात उलटे होते. हवा दमट असली की वास अधिक भरून येतो, नाकही ओले असते, आणि आषाढातल्या झडीत लावलेला लोबान ओल्या मातीच्या वासात मिसळून आपल्या कुवतीपेक्षा मोठा वाटतो. कधी कधी तर जडही होतो. हिवाळा हा या तेलाचा खरा हंगाम. पौषातल्या सकाळी अंगावर शाल असावी, शालीच्या आत मनगट असावे, आणि बाहेर गहू-हरभऱ्यावर दव असावे. थंडीने द्रव्ये सावकाश उडतात आणि शालीखालची ऊब त्यांना हळूहळू वर सोडते. मधली अवस्था अशा वेळी इतकी लांबते, की दुपारच्या जेवणापर्यंत ती सोबत असते.

संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मी एकदा नेहमीच्या गुलाबाच्या अत्तराऐवजी चंदनातला लोबान ठेवला. हळदकुंकू लावून झाले, हाताच्या पालथ्या बाजूला काडीने अत्तर लावले, गुलाबपाणी शिंपडले, तेव्हा बायकांनी हात हुंगले आणि एकीने तर नाक मुरडून विचारले, "हे त लिंबाचं तेल हाये, अत्तर काहून म्हनता?" तिळगूळ झाला, वाण दिले-घेतले, कोणाच्या सुनेचे दिवस, कोणाच्या बोरवेलचे पाणी असे बोलणे रंगले, आणि त्याच बाईने काही वेळाने पदर सावरताना हात नाकाजवळ नेला. ती थबकली. "माय वो, आता देवघराचा वास येऊन राह्यला," ती म्हणाली, आणि मग बाकीच्याही आपापले हात पुन्हा हुंगू लागल्या. शेजारच्या काकूंना मात्र ते रुचले नाही. त्यांनी मला बाजूला घेऊन विचारले, की देवघराचा वास बाईच्या अंगाला असणे बरे दिसते का.

काकूंचा प्रश्न मी हसण्यावारी नेला नाही, कारण त्यात खोटे काही नव्हते. ज्या वासाला आपण आयुष्यभर देवाच्या, मौनाच्या, कधी घरातल्या मृत्यूच्याही जागी ठेवले, तो स्वतःच्या मनगटावर वागवताना मलाही सुरुवातीला संकोच वाटला होता. पण चंदनाचे काय करायचे? ते देवाच्या मूर्तीलाही लागते, भजन्यांच्या कपाळालाही लागते आणि चितेवरही ठेवले जाते. आपल्या जुन्या गंधशास्त्रातही देवाचा धूप आणि माणसाचे अंगराग वेगवेगळ्या कोठड्यांत ठेवलेले नाहीत. वराहमिहिराने सहाव्या शतकात बृहत्संहितेत गंधयुक्तीवर एक अख्खा अध्याय लिहिला, त्यात केसांचे सुगंधी तेल, स्नानाचे द्रव्य, मुखवास आणि जाळायचा धूप हे सगळे एकाच पंक्तीला आले आहे. पुढच्या काळातल्या गंधवाद नावाच्या ग्रंथावर तर जुनी मराठी टीका आहे, आणि तिच्याकडे अभ्यासकांचे लक्ष वेधण्याचे काम पुण्याच्या भांडारकर संस्थेतले परशुराम कृष्ण गोडे यांनी केले. म्हणजे सुगंध कसा करावा, हे आपल्या भाषेत समजावून सांगण्याची गरज आपल्या पूर्वजांना वाटली होती. काकूंना मी एवढेच म्हटले, की मनगटावरचा हा वास मला देवघरातून उठून कामाला लागल्यावरही तिथली शांतता थोडा वेळ राखायला मदत करतो. त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या चैत्रगौरीला त्यांनी स्वतःच अत्तर मागत हात पुढे केला, ही गोष्ट मला मोलाची वाटते.

ज्यांना बाटलीतल्या महाग तेलाची ऐपत नाही किंवा भरवसा नाही, त्यांनी घरी तेल करून पाहावे. या डिंकाचा पाचेक ते नऊ टक्के भागच वाफेने निघणाऱ्या तेलाचा असतो. मोठा भाग राळेचा, जी तेलात विरघळते, आणि उरलेला गोंदाचा, जो फक्त पाण्यात विरघळतो. त्यामुळे खडे रात्रभर फ्रीजमध्ये ठेवून सकाळी गार असतानाच खलबत्त्यात कुटावेत, नाहीतर बत्त्याच्या उष्णतेने ते मऊ होऊन खलाला असे चिकटतात की काढता काढता पुरेवाट होते. ही भुकटी न भाजलेल्या तिळाच्या कच्च्या घाणीच्या तेलात, एकास चार या प्रमाणात घालावी आणि पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून मंद आचेवर काही तास ठेवावी. तेलाला उकळी येऊ देऊ नये. जुन्या मलमलीतून गाळल्यावर तळाशी पांढरा गोंद राहतो, वर फिकट पिवळे तेल मिळते. आचेमुळे लिंबाची अवस्था बरीचशी उडून गेलेली असते, म्हणून हे तेल सुरुवातीलाच मधल्या अवस्थेतून बोलू लागते, आणि तिळाचा खमंगपणा त्याच्या तळाशी राहतो. अत्तराच्या दुकानातले लोक याला अत्तर म्हणणार नाहीत. थंडीत टाचांना, कोपरांना आणि मनगटांना लावण्यासाठी मात्र याहून समाधानाचे काही मला सापडलेले नाही.

गुडघेदुखीसाठी हे तेल विकणाऱ्यांविषयी एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्या बॉसवेलिक आम्लांमुळे शल्लकीचे औषधी नाव झाले, ती जड असल्यामुळे वाफेबरोबर येत नाहीत. वाफेने काढलेल्या सुगंधी तेलात ती नसतात. म्हणून दुखण्यासाठी डॉक्टरांना विचारावे आणि अत्तर अत्तरासाठीच ठेवावे. तसेच हवा लागून शिळे झालेले तेल कातडीला खाज आणू शकते, कारण त्यातली लिमोनीन-पिनीनसारखी द्रव्ये हवेशी संयोग पावून बिघडतात. बाटली लहान, गडद रंगाची आणि शक्यतो भरलेली असावी, टिनाच्या छपराखालच्या खोलीत ती ठेवू नये, आणि नवे तेल प्रथम कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहावी.

तेल थेंबाने वापरावे, असे मी म्हणते त्यामागे काटकसरीपेक्षा वेगळे कारण आहे. इथिओपियात आणि आसपास वाढणाऱ्या लोबानाच्या एका मुख्य जातीवर 2019 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात असे दिसले, की तिथल्या रानांत नवी रोपे तगतच नाहीत आणि दोन दशकांत उत्पादन निम्म्यावर येऊ शकते. गुरांची चराई, वणवे आणि झाडाला विसावा न देता पुन्हा पुन्हा खरवडणे ही कारणे सांगितली गेली. मोहफुले वेचायला सोपे जावे म्हणून रानात आग लावली जाते तेव्हा सालईच्या कोवळ्या रोपांचे काय होते, हे मेळघाटच्या पायथ्याशी राहणाऱ्यांना परदेशी अभ्यासातून शिकायची गरज नाही.

आता जोडीविषयी. लोबानात संत्र्याच्या सालीचे तेल मिसळावे, असे आमच्या भागात कोणालाही सहज सुचेल, आणि ते मी टाळते. दोघांतही लिमोनीन असल्यामुळे सुरुवात फार चमकदार होते आणि वीस मिनिटांनी ती एकदम ओसरली, की लोबानाची मधली अवस्था भकास वाटू लागते. चंदन त्याला सर्वांत जवळचे. उन्हाळ्यात मात्र मी वाळ्याच्या अत्तराला पसंती देते. कूलरच्या ताट्यांत वाळा भरणाऱ्या घरांत त्याचा ओला, मातकट वास ओळखीचा असतो, आणि वाळ्याची द्रव्ये इतकी जड असतात की भर वैशाखातही ती कातडी सोडत नाहीत. आधी वाळा लावून थोडा वेळ जाऊ द्यावा आणि मग त्यावर लोबानाचा ठिपका ठेवावा. उलट क्रमाने लावले तर लोबान दबतो. मोगऱ्याशी त्याचे अजिबात जुळत नाही. मोगरा पहिल्याच घटकेला लोबानाचे मधले रूप गिळून टाकतो, आणि संध्याकाळी मनगटावर नुसता मोगराच उरतो.